गुरुवारचा केर

आवट्यांच्या घरात केर कोणी काढायचा यावरून जेवढी बोलाचाली झाली असेल, तेवढ्या वेळात सगळं घर चारदा झाडून निघालं असतं. हेमांगीबाई म्हणायच्या, मी नोकरी करते. सून प्राची म्हणायची, नोकरी मीही करते, घरी बसून करते म्हणून ती काय नोकरी नाही? मुलगा तेजस काही बोलायचाच नाही, पायातले मोजे सोफ्याखाली सरकवून मोकळा व्हायचा. विद्याधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्या जपून ठेवत होते, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर जपलेल्या होत्या. राहता राहिली चार वर्षांची रेवा. पोरगी एका जागी बसून चिवडा खायची, पण चिवडा सापडायचा तो न्हाणीघरात.

शेवटी कामाला येणाऱ्या शेवंताबाईंनी हात जोडले. "वहिनी, तुमच्या घराला बाई नको, पलटण पाहिजे," असं म्हणून त्या ज्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. मग यंत्र घ्यायचं ठरलं. तोवर सांगलीत झाडू-पोछाची यंत्रं काही नवलाईची राहिली नव्हती. विश्रामबागेत तर एका रांगेत तीन दुकानं होती, आणि रविवारी तिथं भाजी मंडईसारखी गर्दी असायची.

हेमांगीबाई आणि विद्याधरराव दोघंच गेले. दुकानातल्या मुलीने तीन यंत्रं पुढे मांडली. पहिलं चपटं, साधं. झाडायचं, पुसायचं, पण वाटेत मोजा आला की तो गिळून गप्प बसायचं. दुसऱ्याला एक बारका हात होता, त्याने ते खेळणी, मोजे, पेन उचलून टोपलीत टाकायचं आणि मग झाडायचं. तिसरंही तसंच, वर पायऱ्याही चढणारं, पण किंमत भलतीच.

"याला एवढं काय सोनं लागलंय?" हेमांगीबाईंनी विचारलं.

"काकू, हे धूळ ओळखतं," ती मुलगी म्हणाली. "घरातली धूळ म्हणजे रस्त्यावरची माती, असं आपल्याला वाटतं. पण त्यातली बरीचशी धूळ आपणच असतो. आपली कातडी सारखी झडत असते, दिसत नाही इतकी बारीक. केस, कपड्यांचे धागे, अंगावरचे जिवाणू. प्रत्येक माणसाची धूळ वेगळी. हे यंत्र ती चाळून बघतं. कोणाला कशाने शिंका येतात, कोण कुठे जास्त वावरतं, त्याप्रमाणे कुठे नुसतं झाडायचं आणि कुठे पुसायचं ते आपलं आपण ठरवतं. थांबा, दाखवते."

तिने यंत्र त्या दोघांच्या पायांखालच्या सतरंजीवरून फिरवलं. जरा वेळाने ते अगदी शाळेतल्या बाईंच्या सुरात बोललं, "दोन व्यक्ती. एका व्यक्तीच्या कपड्यांवर गंधकाचे कण आहेत. त्यांना खोकला असण्याची शक्यता आहे."

हेमांगीबाईंना हसू आलं आणि हसता हसता खोकलाही आला. तासगावला बेदाण्याच्या शीतगृहात त्या हिशेब बघायच्या. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. वीस-बावीस वर्षं तीच हवा छातीत जात होती.

"हेच घेऊ," त्या म्हणाल्या.

"साधं घेऊ गं," विद्याधरराव म्हणाले. ते यंत्रापासून थोडे लांबच उभे होते. "माणसांची धूळ ओळखून आपल्याला काय करायचंय? घरात कोण कोण आहे ते आपल्याला माहीत नाही का? आपण... पाच जण."

पाच म्हणताना ते जरासे अडखळले. हेमांगीबाईंनी ते ऐकलं. मग दोघंही उगाचच त्या चपट्या यंत्राकडे बघत राहिले.

सहावी म्हणजे त्यांची मुलगी, ऋतुजा. दोन वर्षांपूर्वी ती साताऱ्याचं सासर सोडून बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. मारहाण नव्हती, हुंडा नव्हता, नवऱ्याला कसलं व्यसनही नव्हतं. "त्या घरात मी आहे की नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही गं आई," एवढंच ती सांगत होती. हेमांगीबाईंना हे काही घर मोडण्याचं कारण वाटलं नाही. आत्ता पाठीशी घातलं तर पोरीचा संसार कायमचा जाईल, जरा कडक राहिलं तर आठ दिवसांत सरळ होईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, "तिकडे परत जायचं नसेल तर या घराचीही पायरी चढू नकोस." ऋतुजा तिकडेही गेली नाही आणि इकडेही आली नाही. मिरजेला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिने नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. मिरज ते काय लांब! पण हेमांगीबाई तिच्या फोनची वाट बघत राहिल्या, आणि फोन आला नाही. घरात तिचं नाव निघेनासं झालं. आठवण येते का, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, येते, रोज येते, जेवताना तर हटकून येते. पण विचारलं कोणीच नाही.

"पैसे माझ्या पगारातले आहेत आणि खोकते मी," हेमांगीबाई म्हणाल्या. "हेच घ्यायचं."

विद्याधररावांनी मान हलवली. यंत्राची मालक म्हणून हेमांगीबाईंचं नाव लागलं.

घरी आल्यावर प्रत्येकाने यंत्राच्या पाठीवर तळहात टेकून आपली ओळख द्यायची होती. पाचही जणांनी दिली. रेवाने दोन्ही हात टेकले आणि त्याचं नाव केरोबा ठेवून टाकलं. केरोबा मोठा गुणी निघाला. सोफ्याखालचे मोजे निघाले, जिना मोकळा झाला, विद्याधररावांच्या पुरवण्यांचा एक नीट गठ्ठा होऊन कोपऱ्यात बसला. हेमांगीबाईंचा खोकलाही महिन्याभरात निम्म्यावर आला.

तेजसला यंत्राचं फार कौतुक. जेवताना तो सगळ्यांना समजावून सांगायचा. आपल्या कातडीला एक नैसर्गिक तेल असतं, त्यातला एक पदार्थ हवेतल्या ओझोनने हळूहळू बदलत जातो. किती बदललाय ते मोजलं की कण आज पडलाय, की गेल्या आठवड्यात, की वर्षापूर्वी, ते कळतं. म्हणजे केरोबाला नुसतं कोण ते नाही, कधी तेही समजतं. ताजी धूळ आधी, जुनी नंतर, अशी त्याची कामाची पद्धत.

"म्हणजे चहाडखोरच की," हेमांगीबाई म्हणाल्या.

तसं झालंही होतं. शेजारच्या गल्लीत फडतऱ्यांच्या यंत्राने भर हळदीकुंकवात एका पाहुणीची धूळ मालकांच्या खोलीत सापडल्याचं जाहीर केलं आणि फडतरेवहिनी ज्या माहेरी गेल्या त्या अजून आल्या नव्हत्या. अशी गावोगाव गाऱ्हाणी गेल्यावर कंपनीने यंत्रात एक सोय करून दिली, 'पाहुणे विसरा' म्हणून. ती सुरू केली की घरच्या माणसांखेरीज कोण आलं, कोण गेलं, याची यंत्र वाच्यता करत नसे. तेजसने ती पहिल्याच दिवशी सुरू केली. "उगाच कशाला कोणाच्या भानगडी," तो म्हणाला. हेमांगीबाईंना ते पटलं.

घर असं आवरलं गेलं खरं. पण घरात त्यांना करमेनासं झालं होतं, आणि ते कोणाला सांगायचं तेही कळत नव्हतं. त्या संध्याकाळी आत पाऊल टाकायच्या आणि हॉलमधलं बोलणं थांबायचं. "काय चाललंय?" विचारलं की "काही नाही आई, तुम्ही दमला असाल, चहा टाकते." चहा हातात यायचा. चहाबरोबर कोणी बसायचं नाही. तेजसला काम आठवायचं, प्राचीला कुकर. सासू झालं की असंच असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. टेबलाशी एकट्या बसून त्या जेवायच्या, आणि केरोबा खुर्चीच्या पायांशी घुटमळत त्यांनी सांडलेलं शीत उचलायचा. कधी कधी त्या त्याच्याशीच दोन शब्द बोलायच्या.

गुरुवारी तासगावला बेदाण्याचे सौदे असायचे, त्या दिवशी घरी यायला फार उशीर व्हायचा. पण गुरुवारी घर कसं लख्ख असायचं. यंत्र यायच्या आधीपासूनच. फरशीत तोंड दिसावं असं. एकदा त्यांनी प्राचीला म्हटलंही, "बाकी काही म्हण, गुरुवारी तू घर बघण्यासारखं ठेवतेस हो." खाली मान घालून ती कप विसळायला निघून गेली. लाजली असेल, असं हेमांगीबाईंना वाटलं.

एका बुधवारी त्यांना ताप आला. तासगावला कळवून त्या दिवाणावर पडून राहिल्या. तेजस कामावर गेला होता, प्राची रेवाला शाळेत सोडायला गेली होती, आणि विद्याधरराव हयातीचा दाखला द्यायला बँकेत. केरोबा कोपऱ्यातून निघाला आणि दिवाणापाशी येऊन थांबला.

"हेमांगीजी, एक प्रश्न विचारायचा आहे. आपण मालक म्हणून नोंदलेल्या आहात, म्हणून आपल्यालाच विचारत आहे."

"विचार बाबा."

"या घरातल्या एका व्यक्तीची ओळख नोंदलेली नाही. नमुना पुरेसा जमला आहे. त्या व्यक्तीच्या आपण आई आहात. तिला कुटुंबीय म्हणून नोंदवू का?"

हेमांगीबाई तापाने गुंगीत होत्या. "अरे, तेजस नोंदलाय की. पहिल्याच दिवशी हात लावला ना त्याने."

"तेजस नोंदलेले आहेत. ही व्यक्ती स्त्री आहे."

त्या उठून बसल्या. मग त्यांनी स्वतःलाच सावरलं. पोर जन्मापासून याच घरात वाढली, तिची धूळ असायचीच कुठेतरी. "ती आधी इथं राहायची," त्या म्हणाल्या. "जुनी धूळ असेल ती."

"जुनी धूळही आहे. वरच्या खोलीत, कपाटाच्या मागे. पण ताजी धूळ गेल्या गुरुवारची आहे."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुकटुक आवाज येत होता. तो थांबल्यावर हेमांगीबाईंनी विचारलं.

"कुठे मिळाली?"

"स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर. हॉलमधल्या गालिच्यावर, रेवा यांच्या धुळीत मिसळलेली. वरच्या खोलीतल्या पलंगावर थोडी."

"आणखी कधी आली होती?"

"मी या घरात आल्यापासून दर गुरुवारी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस मेल्या?"

"पाहुण्यांविषयी न बोलण्याची तेजस यांची सूचना आहे. रक्ताच्या नात्याला ती लागू होत नाही, कारण दमा आणि ॲलर्जी घराण्यात उतरतात. नातं ठरवायला पुष्कळ नमुना लागतो. दर गुरुवारी ती व्यक्ती बाहेर पडताच सगळं घर झाडून पुसायला विद्याधर सांगतात. त्यामुळे नमुना लवकर जमला."

म्हणजे माग पुसायला म्हणून नवऱ्याने यंत्र फिरवलं होतं, आणि जेवढं पुसलं तेवढं यंत्राला उमगत गेलं होतं. आयुष्यभर कालव्यांची मापं काढलेला माणूस, पण ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. दुसरी वेळ असती तर हेमांगीबाई पोट धरून हसल्या असत्या.

आधी त्यांना आनंदच झाला. खोटं कशाला बोला! पोरगी येते. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते, तिची नेहमीची जागा ती. वरच्या खोलीत जाऊन आपल्या पलंगावर टेकते. ताप विसरून त्या उठल्या, त्या खुर्चीपाशी गेल्या आणि पाठीवरून हात फिरवून आल्या. हाताला काही लागलं नाही, खुर्ची स्वच्छ होती.

मग मागून दुसरं सगळं आलं. नवऱ्याला माहीत होतं. मुलाला माहीत होतं, सुनेला माहीत होतं. घरातली सगळी जणं दर गुरुवारी एकत्र बसत होती, खात-पीत होती, आणि आपण आलो की गप्प होत होती. आणि रेवा? लपवलेलं चॉकलेट कुठंय हे विचारायच्या आत सांगून टाकणारी पोरगी! तिला कोणीतरी मांडीवर घेऊन समजावलं असणार, की आत्या आलेली आजीला सांगायचं नाही. चार वर्षांच्या लेकराला आपली भीती घालावी लागली. याचं त्यांना जेवढं वाईट वाटलं तेवढं नवऱ्याचंही वाटलं नाही.

पण खरा घाव आणखी वेगळाच होता. हेमांगीबाई काही फार देवधर्म करणाऱ्या नव्हत्या. मुहूर्त, शकुन, दृष्ट, काही मानत नसत. एक गोष्ट मात्र त्यांनी आईकडून घेतली होती आणि कधी मोडली नव्हती. घरातून माणूस बाहेरगावी निघालं की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही. ते पोचलं असं कळलं की मग केरसुणी हातात घ्यायची. लगेच केर काढतात तो मेलेल्या माणसाला घरातून नेल्यावर. तेजस पुण्याला शिकायला होता तेव्हा तो पोचल्याचा फोन येईपर्यंत घर तसंच पडलेलं असायचं, कोणी शेजारीण आली तरी. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावरून थट्टा व्हायची, पण पाळायचे सगळे.

आणि त्याच घरात दर गुरुवारी त्यांच्या पोरीची पाठ वळायचा अवकाश, घर झाडून पुसून काढलं जात होतं. तिचा एक केस राहू नये म्हणून. आणि का, तर आईला कळू नये म्हणून. त्या दिवाणाच्या कडेला बसून रडल्या. घरात कोणी नव्हतं, म्हणून चांगल्या मोठ्याने रडल्या.

केरोबा तिथेच उभा होता. "नोंदवू का?" त्याने पुन्हा विचारलं.

"नोंदव."

"नाव काय लिहू?"

"ऋतुजा," त्या म्हणाल्या. दोन वर्षांत ते नाव त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं आणि आवाज चिरकला. म्हणून त्यांनी ते पुन्हा नीट म्हटलं.

"ही माहिती इतर कुटुंबीयांना कळवू का?"

"नको. कोणालाही नको."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नव्हता. "आज जाऊ नकोस," विद्याधरराव म्हणाले, पण म्हणताना त्यांची नजर घड्याळाकडे गेली. हेमांगीबाईंनी डबा उचलला आणि नेहमीची बस धरली. कवलापूरला त्या उतरल्या, आणि समोरून येणाऱ्या बसने परत फिरल्या. आज समोर जाऊन उभं राहायचं, पोरीला जवळ घ्यायचं, आणि मग एकेकाकडे बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत कोणाला काय काय बोलायचं तेही जुळवून झालं.

फाटकाशी पोचल्या तेव्हा दारात एक अनोळखी चप्पल होती. खिडकी उघडी होती आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. ऋतुजा कोणा पेशंटची गंमत सांगत होती. रक्त काढायच्या आधीच तो माणूस चक्कर येऊन तिच्याच अंगावर पडला होता. विद्याधरराव खोखो हसत होते. नवऱ्याचं असं हसणं त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं, तो हसायचा थांबलाय असंच त्या समजत होत्या. प्राची, जी त्यांच्यापुढे हो-नाहीच्या पलीकडे जात नसे, ती मध्ये मध्ये बोलून गोष्ट आणखी वाढवत होती. शाळेला दांडी मारलेली रेवा "परत सांग, परत सांग" करत होती.

मग ऋतुजाने विचारलं, "आईचा खोकला कसा आहे?"

"बराच कमी आहे," विद्याधरराव म्हणाले. "काल ताप होता पण. ऐकतेय कुठे? गेली तशीच."

"ज्येष्ठमध संपलं असेल. ही पुडी ठेवा. आणि तुम्हीच आणली म्हणा."

हेमांगीबाई फाटकाला धरून उभ्या होत्या. वर्षभर विद्याधरराव त्यांच्या पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या काड्या ठेवत होते. निवृत्त झाल्यावर का होईना, नवरा जरा सुधारला, असं त्या शीतगृहातल्या बायकांना सांगत होत्या.

कडीवर हात गेला आणि तिथेच राहिला. आपण आत गेलो की हे हसणं थांबणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आपण आनंदाने गेलो तरी आधी सगळ्यांचे चेहरे उतरणार. रेवा कोणाच्या तरी मागे लपणार. ऋतुजा उठून उभी राहणार, पाहुण्या बाईसारखी, आणि चप्पल शोधायला लागणार. ते बघायची त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी हात काढून घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी दूध केंद्राच्या बाकावर जाऊन बसल्या.

"काय वहिनी, आज तासगाव नाही?" दूधवाल्याने विचारलं.

"बरं नाही वाटत."

"मग घरी जाऊन पडा की."

"जाते," त्या म्हणाल्या, आणि बसून राहिल्या. शाळा सुटली, मुलं घराकडे गेली. उन्हं कलली. आपल्याच घरातली माणसं मोकळेपणी हसावीत म्हणून आपण बाहेर बसलोय, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

ऋतुजा बाहेर पडली ती त्यांना लांबूनच दिसली. केस कापले होते. वाळली होती जराशी. तिने स्कूटर काढली, मागे वळून दाराकडे हात हलवला आणि दुसऱ्या टोकाने निघून गेली. हाक मारायची म्हणून हेमांगीबाई उठल्या होत्या, पण दोन वर्षांनी पोरीला पहिली हाक रस्त्यात मारायची, हे काही त्यांना जमलं नाही. त्या भराभर घराकडे निघाल्या.

दार अजून उघडंच होतं. आत विद्याधरराव म्हणत होते, "केरोबा, सगळं घर." यंत्र घरघरलं. प्राचीच्या हातात खरकट्या बश्या होत्या. हेमांगीबाईंना दारात बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

कोणी काही बोलायच्या आत रेवा पुढे आली. "आजी, आज आत्या नव्हती आली," तिने सांगितलं.

"बरं हो," हेमांगीबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग यंत्राकडे वळून म्हणाल्या, "थांब रे. केर राहू दे. ती अजून पोचली नसेल."

केरोबा थांबला. विद्याधरराव खुर्चीवर बसले.

"कधीपासून?" हेमांगीबाईंनी विचारलं.

"तू तिला परत पाठवलंस, त्याच महिन्यापासून."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"दर गुरुवारी वाटायचं," ते म्हणाले. "पण सांगितलं आणि तू पुन्हा नको म्हणालीस, तर मग आम्हालाही ती दिसली नसती. तुझ्या हातात ते ठेवायचा धीर झाला नाही गं हेमा."

बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं हेमांगीबाईंच्या ओठांवर होतं. पण यावर काय उत्तर द्यायचं ते त्यात नव्हतं. आपण नको म्हटलं असतं का? म्हटलं असतं बहुतेक, असं त्यांना वाटलं. गालिच्यावर बिस्किटांचा चुरा होता, टेबलावर चहाचे डाग होते. प्राचीने बश्या खाली ठेवल्या आणि त्यांच्यासाठी पाणी आणलं. पाणी देऊन ती आत गेली नाही, शेजारी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने विद्याधररावांचा फोन वाजला. त्यांनी बायकोकडे बघितलं. फोन वाजत राहिला. मग त्यांनी तो उचलून हेमांगीबाईंच्या हातात दिला.

"बाबा, पोचले हो," पलीकडून ऋतुजा म्हणाली. "आज मागे केरोबाची घरघर नाही ऐकू येत ती?"

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आपली पाठ वळली की घर झाडतात हे माहीत असून ती दर आठवड्याला येत होती, आणि पोचल्यावर ती घरघर ऐकत होती.

"मी बंद केलाय," हेमांगीबाई म्हणाल्या. "तू पोचेपर्यंत."

पलीकडून अगदी हळू, "आई?"

"हं."

दोन वर्षं मनात घोळवलेलं कितीतरी होतं. जेवतेस का नीट, केस का कापलेस, ज्येष्ठमध मिळालं. त्यातलं काही बाहेर येईना. जे आलं ते एवढंच, "पुढच्या गुरुवारी मी रजा काढतेय. घरीच असेन."

"बरं," ऋतुजा म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. एखादी बस रद्द झाल्याचं कळल्यावर म्हणावं तसं ती म्हणाली, "मग पुढच्या गुरुवारी मी नाही येत."

हेमांगीबाईंनी डोळे मिटले. बरोबरच होतं. आई घरी असेल तर आपण जायचं नाही, एवढंच त्या पोरीला त्यांनी शिकवलं होतं, आणि ती ते मुकाट्याने पाळत होती.

"तसं नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "मी आहे म्हणून ये. मला तुला बघायचंय."

पलीकडून काहीच आलं नाही. पण फोनही बंद झाला नाही. मिरजेतल्या त्या खोलीत, जी त्यांनी कधी बघितली नव्हती, एक पंखा करकरत फिरत होता. हेमांगीबाई फोन कानाशी घट्ट धरून तो ऐकत राहिल्या. विद्याधरराव, प्राची, रेवा, सगळी त्यांच्याकडे बघत होती, आणि कोणी हललं नाही.